घाटकोपरला पाठवलेली पुस्तकं

शनि. २ जानेवारी १९५४, मुलुंड

वाचनालयात आज परत जोशीकाकांशी वाजलं. पेन्शनर माणूस. रोज संध्याकाळी येणार, "मालतीबाई, काहीतरी चांगलं द्या" म्हणणार आणि खुनाची कादंबरी घेऊन जाणार. गेल्या आठवड्यात मी बळेच 'विहीर' दिली. (पुस्तकाचं खरं नाव वेगळं आहे. मी प्रत्येक पुस्तकाला माझं नाव ठेवते, मला तेवढं पुरतं.) आज ती टेबलावर ठेवून म्हणाले, "अहो, पुस्तकभर नुसते खणताहेत! पाणी कुठाय?" मी म्हटलं, पाणी लागत नाही हीच तर गंमत आहे. तर म्हणे, चांगलं म्हणजे मला चांगलं, तुम्हाला नव्हे.

घरी येईपर्यंत तेच डोक्यात. असं कसं असेल? चांगलं ते चांगलं. बघते मी कसं आवडत नाही ते.

घरी मावशी बसलेली. आईची धाकटी बहीण, घाटकोपरला राहते. तिच्या चाळीतला वसंत गेल्या रविवारी मला बघून गेला. कंपनीत ड्राफ्ट्समन आहे. दिसायला बरा, कान जरा मोठे. काय वाचता, असं मी विचारलं तर उत्तर त्याच्या आईनं दिलं, "खूप वाचतो हो, पुस्तकाशिवाय झोप नाही त्याला." तो आपला चहाच्या बशीत बघत बसला होता. आता त्यांच्याकडून होकार आलाय.

मी म्हटलं, माझा होकार नंतर. आधी त्यांनी 'विहीर' वाचायची आणि कशी वाटली ते कळवायचं.

मावशी, "अगं नवरा शोधतेयस की मास्तर?"

आई म्हणाली, लोक घड्याळ मागतात, अंगठी मागतात, हिनं अभिप्राय मागितला. शेवटी बापूंनी निकाल दिला. पत्रं नकोत, भेटी नकोत, पुस्तक जायला हरकत नाही. मावशीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली 'विहीर' गेली.

ज्याला 'विहीर' आवडणार नाही त्याच्याबरोबर जन्म काढायचा नाही. ठरलं.


गुरु. ७ जाने.

घा.हून काही नाही. (घाटकोपर. रोज पूर्ण कोण लिहिणार.)

वाचनालयात दुसरं कपाट रिकामं केलं, पुसलं, परत लावलं. ते काल पण पुसलं होतं. कुलकर्णीबाईंना प्रवासवर्णन दिलं, त्यांना नको होतं. तरी दिलं.

समजा आवडलं म्हणाला, पण नुसतंच आवडलं म्हणाला, तर? त्यावरून काय कळणार? आणि समजा...

बोट कपाटाच्या फटीत चेंगरलं. बरं झालं, जरा लक्ष तिकडे गेलं.


रवि. १० जाने.

मावशी आली! चपला काढायच्या आधीच मी विचारलं.

मावशी म्हणाली, "मुलगा म्हणाला, पुस्तक फार आवडलं. म्हणाला, ती धाकटी सून खणणाऱ्यांना रोज भाकरी घेऊन जाते, पण एकदासुद्धा विहिरीत डोकावत नाही. का, ते मालतीबाईंना विचारा."

'विहीर' मी इतक्यांदा वाचली, इतक्यांना दिली, हे मला कधी दिसलंच नाही! मावशी परतायच्या आत तिच्या पिशवीतून पुस्तक काढून बसले. खरंच. टोपली काठावर ठेवते आणि वळते. दर वेळेला.

का बरं डोकावत नाही? आई हाका मारत होती, तिची आमटी लागली. लागली तर लागली.


गुरु. १४ जाने. संक्रांत

तिळगुळाबरोबर 'आगबोट' पाठवली. एक गृहस्थ अर्धं जग फिरून येतो ते पुस्तक. माझं लाडकं. धाकट्या सुनेबद्दल उत्तर पाठवायचं होतं, पण उत्तर आहे कुठे? मावशीला म्हटलं, सांग, मी विचार करतेय.

"एवढंच सांगू?"

"एवढंच."

ती कपाळाला हात लावून गेली. आई म्हणते, तिळगूळ गेला म्हणजे जमल्यासारखंच. आईचं काय, तिला मावशीच्या पिशवीत सनईच ऐकू येते.


मंगळ. १९ जाने.

मावशी दुपारीच येऊन गेली होती. निरोप आईकडे ठेवलेला. आईनं तो अर्धा विसरून, आठवून, विसरून सांगितला. तरी कळला.

"गृहस्थ एवढी बंदरं फिरला, पण त्याचे कपडे कोण धूत होतं ते कुठंच लिहिलेलं नाही."

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसत सुटले. कुठला पुरुष हे बघतो! आमचे बापू? त्यांचा सदरा खुंटीवर आपोआप उगवतो असं त्यांना वाटत असणार. आणि हा माणूस, मोठ्या कानांचा, बशीत बघणारा, असं वाचतो!

लाडक्या पुस्तकाला नावं ठेवली तरी राग आला नाही. उलट ते पुस्तक जरा फुसकंच वाटायला लागलंय.

स्पष्ट लिहिते. आवडायला लागलाय. रस्त्यानं जाताना मनात त्याच्याशी भांडते. पाच रस्त्याच्या नाक्यावर आज बहुतेक मोठ्यानं बोलले, एक भाजीवाली बघत होती.


रवि. ३१ जाने.

तिसरं पुस्तक कवितांचं पाठवलं होतं. निरोप आला. "चंद्र काढून टाकला तर पुस्तक निम्मं होईल. पण ती तापातल्या मुलीची कविता पाठ केली. पुस्तक अजून थोडे दिवस ठेवू का?"

ठेवा! जन्मभर ठेवा.

आईला सांगितलं, हो म्हणायला माझी हरकत नाही. तिनं देवापुढे साखर ठेवली आणि उरलेली माझ्या तोंडात कोंबली. बापू म्हणाले, "पुस्तकं कामाला आली म्हणायची." सुपारी फोडायचा दिवस बघणार आहेत. त्याआधी पुढच्या रविवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे, आम्हाला बोलावलंय. तो घरी नसेल, बायकांचं असतं. तरी जीव थाऱ्यावर नाही. पातळ कुठलं नेसू?


रवि. ७ फेब्रु.

लिहिते सगळं. लिहिल्याशिवाय बसवणार नाही.

बाहेरच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसलेल्या. वसंतची आई हळदीकुंकू लावत होती, मावशी पुढंपुढं करत होती. मला तहान लागली, मी आत गेले.

आत स्वयंपाकघरात त्याची थोरली बहीण, अक्का. बशांत तिळगूळ भरत होती. तीस-बत्तिशीची असेल. कपाळ मोकळं. नवरा गेल्यावर माहेरी आलेली. मावशी कधी बोलली होती, मी लक्ष दिलं नव्हतं. फळीवर पिठाच्या डब्यामागे माझं कवितांचं पुस्तक. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, कडा नीट दुमडून.

"मालतीबाई ना तुम्ही?" ती म्हणाली. "पुस्तक राहिलंय हो द्यायचं. कविता पाठ झालीय, पण सोडवत नाही."

मला वाटलं, वा, घरात दोघं वाचणारे. म्हटलं, "तुम्ही पण वाचलंत?"

"मीच वाचते. वसंताला कुठली आवड! तो दुसऱ्या पानावर घोरायला लागतो." मग तिनं माझं तोंड बघितलं आणि हातातली बशी खाली ठेवली. "मावशींनी सांगितलं नाही तुम्हाला?"

काही बोलायचं म्हणून विचारलं, "ती धाकटी सून का डोकावत नाही?"

तिनं बाहेरच्या खोलीकडे बघितलं. आवाज खाली आणला. "डोकावलं की जावंसं वाटतं, म्हणून. माझ्या सासरी मागच्या दारी होती विहीर. हे गेल्यावर मी तोंड फिरवून दोर ओढायची." मग पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. "प्या. तहान लागलीय ना?"

बाहेरून हाक आली, मालती, ये, वाण घे. गेले. कुंकू लावून घेतलं, वाणाचा कंगवा घेतला. आत ती होती, तिला कोणी हाक मारली नाही. मारायची नसतेच. आजवर कधी मला ते लागलं नव्हतं, आज लागलं.


सोम. ८ फेब्रु.

काल तिथून निघाल्यावर मावशीला जिन्यातच धरलं. आई म्हणत होती, हळू बोल, हळू बोल.

"मुलगा म्हणाला, मुलगा म्हणाला! काय म्हणाला मुलगा?"

"मग काय सांगू? विधवा बहीण म्हणाली असं सांगू? शुभकार्यात?" मावशी उलट माझ्यावरच चिडली. "निरोप त्याच घरातला होता ना? मी काय पदरचं घातलं? आणि पोरगा सोन्यासारखा आहे. पुस्तकं गं कसली, एकदा पाळणा हलला की कोण वाचतंय!"

म्हणजे ती पुस्तक वसंतला द्यायची, तो अक्काला द्यायचा, अक्का काय म्हणाली ते तो जिन्यात मावशीला सांगायचा. आणि इथे येईपर्यंत ते त्याचं झालेलं असायचं.

मी हो कोणाला म्हटलं?

आज कामावर कोणालाच काही सुचवलं नाही. जोशीकाका म्हणाले, "काहीतरी चांगलं द्या." म्हटलं, हवं ते घ्या. ते जरा घाबरलेच.


शुक्र. १२ फेब्रु.

तो आला. वाचनालयात! बापूंना कळलं तर घर डोक्यावर घेतील. ऑफिसातून सरळ आला होता, बोटाला शाई. कवितांचं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. जोशीकाका पेपर उलटा धरून ऐकत होते.

"अक्का म्हणते, तिच्यामुळे मोडलं."

"मोडलं नाहीये अजून."

"म्हणजे जमलंय?"

"तसंही नाही."

मग म्हणाला, "मी वाचत नाही. मला झोप येते. आईला सांगितलं होतं, खोटं सांगू नकोस म्हणून."

"मग तेव्हाच बोलायचं होतं."

"तुम्ही इतक्या आनंदानं विचारलंत," म्हणाला, "मला नाही म्हणवेना."

मी शाईची दौत इकडची तिकडे ठेवली.

"मी पण निरोप पाठवला होता. तो घोड्याचा पिक्चर लागलाय ना, तो बघा म्हणून. मावशी बोलल्या नाहीत?"

नाही बोलली. तो निरोप तिनं गाळला. त्याचा स्वतःचा म्हणून होता तो एकच निरोप.

"काय आहे त्यात?" मी विचारलं. माझ्या आवाजात जरा तुच्छता होती, मलाच ऐकू आली.

"बघा ना. सांगितलं तर मजा जाईल." बोलताना पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे बघितलं. पायरीवर गेला आणि वळला. "तुम्ही नाही म्हणालात तरी अक्काला पुस्तकं द्याल ना? तिला दुसरं काही नाही हो."

मी रजिस्टर उघडून बसले. चिडले होते. त्याच्यावर की माझ्यावर ते माहीत नाही.

तो गेल्यावर जोशीकाका पेपरामागून, "मुलगा चांगला वाटतो."

"तुम्हाला खूनही चांगले वाटतात."


रवि. १४ फेब्रु.

आईला घेऊन गेले घोड्याच्या पिक्चरला. कोणाला सांगायला नको. एक राजपुत्र, त्याच्या मिशा दर प्रसंगाला वेगळ्या. एक झुलता पूल, तो तुटणार हे पोराटोरांना आधीच ठाऊक. सगळ्यांत बरं काम घोड्याचं. आईनं तलवारी निघाल्या की डोळे मिटले आणि मला विचारत बसली, "मेला का गं? कोण मेला?" मी इतकी हसले की मागचे लोक हसायला लागले.

आणि मग तो घोडा एकटाच नदी पोहून येतो. पाठीवर कोणी नाही. मी पदरानं डोळे टिपले. खरंच टिपले. अशा भिकार पिक्चरला! स्वतःचा इतका राग आला की मध्यंतरात घेतलेले उरलेले शेंगदाणे खाल्लेच नाहीत.

त्यावरून काय सिद्ध होतं? काही नाही. पिक्चर वाईटच आहे. पण घड्याळ बघितलं नाही मी, हेही खरं.

जोशीकाका म्हणाले होते ना, मला चांगलं ते... जाऊ दे.


बुध. १७ फेब्रु.

सोमवारी मावशीकडे अक्काच्या नावानं एक नवीन पुस्तक दिलं होतं. तिच्या नावानं, उघड. आज न उघडता परत आलं. "म्हणावं, माझ्यासाठी नको आता. आधी वसंताचं होऊ दे." मावशीनं या वेळी निरोप जसाच्या तसा सांगितला, तर तोच ऐकवेना.

मावशी असंही म्हणाली की ती हल्ली कशालाच हात लावत नाही. वर्तमानपत्राचा कागद पुडीला आला तरी उलटा करून ठेवते.

बापू जेवताना म्हणाले, "रविवारी मी घाटकोपरला जाणार. हो की नाही, एक शब्द दे. बाकीची चर्चा तुझ्या कपाटांशी कर." आईनं ताटात भात दोनदा वाढला.

नाही म्हटलं तर अक्का जन्मभर स्वतःला बोल लावणार आणि पुस्तकाचं नाव काढणार नाही. हो म्हटलं तर कशासाठी? तिच्याशी स्वयंपाकघरात बोलता यावं म्हणून? मग त्या माणसाची फसवणूक नाही का ती? या सगळ्या प्रकरणात खोटं न बोललेला तो एकटाच. त्याची आई बोलली, मावशी बोलली. मी पण मनातल्या मनात त्याच्या तोंडी काय काय घालत होतेच की.

त्याची बहीण मला आवडते. तो कसा आहे ते मला माहीतच नाही. चार दिवसांत कोण सांगणार? त्याची आई? मावशी? जोशीकाका?

बसवत नाही. उठून पाणी भरून ठेवलं, पिंप भरलेलंच होतं.


शनि. २० फेब्रु.

आज अर्धा दिवस. वाचनालय बंद करून सरळ घा. मावशीकडे पापड होते, यंदा तिनं लवकर काढलेत. अक्काला बोलावलेलं. हळदीकुंकवाला चालत नाही, पापडाला चालते. मला बघून ती उठायला लागली. मी म्हटलं, बसा, मीही लाटते. मावशीला पोळपाट कमी पडला म्हणून शेजारी पिटाळलं.

दोघीच उरलो. चार-पाच पापड लाटून झाले. मग मी विचारलंच.

"अक्का, वसंतराव कसे आहेत? बहीण म्हणून सांगू नका. पुस्तकाबद्दल सांगता तसं सांगा."

लाटणं थांबलं. "चांगला आहे."

"हे मावशीसारखं झालं."

हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. वसंतसारखेच दात. मग हसू गेलं. "चांगला म्हटलं तर त्यात माझा स्वार्थ येतो गं. तू आलीस तर मला किती... आणि वाईट म्हणू तर पाठचा भाऊ आहे. मला का विचारतेस?"

"दुसऱ्या कोणाच्या मतावर माझा विश्वास नाही."

तिनं पापड इतका पातळ लाटला की फाटला. तो गोळा करून परत मळला, परत लाटायला घेतला. मला वाटलं, आता बोलणार नाही. उठावं.

मग म्हणाली, "लहानपणापासून बघतेय त्याला. पण असं कधी बघितलं नाही. सवय झाली की दिसत नाही माणूस. मला आठवडाभर दे. नीट बघते आणि सांगते. नाही पटला तर तसंही सांगेन. मग रडायचं नाही." आणि जरा थांबून, "तुला नाही म्हणत, मला म्हणतेय."

मावशी पोळपाट घेऊन आली, आम्ही दोघींनी माना खाली घातल्या.

घरी आले तर बापू उद्यासाठी कोट झटकत होते. म्हटलं, उद्या जाऊ नका, उत्तर पुढच्या रविवारी. ते म्हणाले, "आणखी कोणाला विचारायचंय?" आईनं आतमध्ये पातेलं आपटलं.

अक्का खोटं सांगणार नाही. 'आगबोटी'ला तिनं सोडलं नाही, भावाला काय सोडणार आहे. तिनं नाही म्हटलं तर मी पण नाहीच म्हणणार, ते ठरलेलं आहे. मग सुटल्यासारखं वाटायला हवं. ते वाटत नाही. तिनं चांगलं म्हणावं, असं वाटतंय. सारखं तेच वाटतंय.